जुना वाय-फाय स्पीकर घेताना आधी त्याची पाठ पाहा

दिवाळीचा बोनस हाती पडला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कोणाला गॅसची शेगडी बदलायची असते, कोणाला मुलीच्या क्लासची फी भरायची असते, तर कोणाला घरात गाणी ऐकण्यासाठी एखादे चांगले यंत्र हवे असते. २०१९ च्या दिवाळीत आमच्या घरी या शेवटच्या मागणीचा नंबर लागला. आईच्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर फाटून बरीच वर्षे झाली होती. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांची गाणी ऐकल्याशिवाय तिची संध्याकाळ सरत नसे, आणि मोबाईलचा बारीक आवाज तिच्या कानांना पुरत नसे.

दुकानात वाय-फायवर चालणारा एक स्पीकर मांडलेला होता. छापील किंमत ९,९९० रुपये. त्यावर लाल शाईने काट मारून ४,५०० लिहिलेले. "साहेब, मागच्या मॉडेलचा शेवटचा माल आहे. आवाज तोच, पैसे निम्मे," दुकानदार म्हणाला. मुलांच्या अभ्यासासाठी केबलवाल्याचे इंटरनेट घरात आलेलेच होते. मी पैसे मोजले आणि स्पीकर घरी आणला.

तीन वर्षे तो छान वाजला. २०२२ ची दिवाळी झाली आणि एके दिवशी फोनवरच्या अॅपमध्ये सूचना झळकली की, या मॉडेलची सेवा आता बंद करण्यात आली आहे. स्पीकरचा दिवा लागत होता, पण गाणे लागत नव्हते. मी तो पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडून पाहिले आणि पुन्हा स्क्रू आवळले. म्हणाला, "साहेब, यात बिघडलेलं काहीच नाही. मग मी दुरुस्त काय करू?"

मी हिशेबाचा माणूस. घरी येऊन वहीत मांडले : ४,५०० रुपये भागिले ३६ महिने, म्हणजे महिना १२५ रुपये. विकत घेतली असे समजून आणलेली वस्तू प्रत्यक्षात भाड्याची निघाली होती, आणि भाड्याची मुदत मला कोणी सांगितली नव्हती.

पुढे आमच्या मुलाने स्पीकर उलटा करून पाहिला. पाठीमागे तळाशी एक बारीक गोल भोक होते आणि त्याखाली 'ऑक्स' असे लिहिलेले. शंभर रुपयांची दोन्ही टोकांना पिन असलेली वायर आणली. एक टोक स्पीकरला, दुसरे टोक कपाटात पडलेल्या जुन्या फोनला. स्पीकर पूर्वीसारखाच खणखणीत बोलू लागला. कंपनी गेली, अॅप गेले, पण भोक राहिले होते!

वाचकहो, ही घरगुती हकीकत एवढ्यासाठी सांगितली की, सध्या प्रत्येक सणाला असे जुन्या मॉडेलचे स्पीकर निम्म्या-पाव किमतीत बाजारात येतात. ते घेऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. जुना माल घेऊन दोन पैसे वाचवणे यात कमीपणा कसला? पण कंपनीच्या मदतीवाचून जो वाजू शकतो, तोच जुना स्पीकर घ्यावा. हे ओळखायचे कसे, ते आता क्रमाने पाहू.

ब्लूटूथ आणि वाय-फाय यांत फरक काय?

दुकानात दोन्हींना 'वायरलेस' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. ब्लूटूथच्या स्पीकरमध्ये गाणे फोनमध्येच चालू असते आणि फोन फक्त आवाज स्पीकरकडे पाठवतो. साधारण दहा मीटरच्या आत फोन असावा लागतो. मध्ये भिंत आली की अंतर आणखी कमी होते. फोनवर कॉल आला की गाणे थांबते. पण येथे फोन आणि स्पीकर यांच्यामध्ये तिसरा कोणी नसतो. फोनमध्ये गाणे भरून ठेवलेले असेल तर इंटरनेटचीही गरज नाही.

वाय-फायच्या स्पीकरची गोष्ट वेगळी. येथे फोन फक्त हुकूम देतो आणि स्पीकर स्वतः इंटरनेटवरून गाणे ओढून आणतो. म्हणून फोन घेऊन तुम्ही बाजारात गेलात तरी घरात गाणे चालू राहते, कॉल आला तरी थांबत नाही आणि दोन खोल्यांतले दोन स्पीकर एकच गाणे एकाच वेळी वाजवू शकतात. सोय मोठी आहे, हे मान्य. पण त्यासाठी तिघांचे सहकार्य लागते : घरातले इंटरनेट, स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचे अॅप व सर्व्हर, आणि गाणी पुरवणारी सेवा. या तिघांपैकी एकाने हात काढून घेतला तरी स्पीकर मुका होतो.

गाणी पुरवणाऱ्या सेवाही कायमच्या नसतात. रेसो ही सेवा भारतात जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. एअरटेलने आपले विंक म्युझिक त्याच वर्षी बंद केले. तेथे ज्यांनी आवडत्या गाण्यांच्या याद्या वर्षानुवर्षे जमवल्या होत्या, त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले.

मोठ्या कंपन्यांचे अनुभव

माझा स्पीकर सामान्य होता. पण महागड्या, नावाजलेल्या मालाचीही हीच कथा आहे, आणि आज सेकंडहँड बाजारात तोच माल आपल्यासमोर येतो. म्हणून काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

सोनोस ही २००२ साली अमेरिकेत स्थापन झालेली कंपनी. घरभर वाय-फायवर गाणी ऐकवण्यात तिचे नाव मोठे. जानेवारी २०२० मध्ये तिने जाहीर केले की, मे महिन्यापासून काही जुन्या वस्तूंना नवे अपडेट मिळणार नाहीत. त्यांत काही वस्तू अशा होत्या की ज्या २०१५ पर्यंत विकल्या गेल्या होत्या. या वस्तूंची मेमरी आणि ताकद नव्या कामाला पुरत नाही, असे कारण कंपनीने दिले. गिऱ्हाइके संतापली, कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली, आणि शेवटी जुन्या वस्तूंसाठी 'एस-वन' हे अॅप वेगळे ठेवून नव्या वस्तूंसाठी 'एस-टू' काढण्यात आले. त्याआधी या कंपनीची एक योजना होती : जुनी वस्तू 'रिसायकल' म्हणून नोंदवा आणि नव्यावर ३० टक्के सूट घ्या. मात्र तशी नोंद केली की २१ दिवसांनी ती जुनी, चांगली चालणारी वस्तू कायमची निकामी होत असे. लोकांनी बोंब केल्यावर मार्च २०२० मध्ये हा प्रकार थांबला. पुढे मे २०२४ मध्ये कंपनीने नवे अॅप आणले, त्यात गजर लावण्यासारख्या साध्या सोयीही गायब झाल्या, आणि त्या गोंधळानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. स्पीकर तेच होते. अॅप बदलले आणि घरे अडचणीत आली.

बोस कंपनीची 'साउंडटच' ही स्पीकरची मालिका २०१३ पासूनची. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने तिची इंटरनेट सेवा बंद करण्याचे जाहीर केले. आधी १८ फेब्रुवारी २०२६ ही तारीख दिली, नंतर ती ६ मे २०२६ केली. सेवा बंद म्हणजे अॅपमधून गाण्यांच्या सेवा शोधणे बंद, आणि एक ते सहा क्रमांकांच्या बटनांवर बसवलेली आवडती स्टेशनेही बंद. पण ज्या मॉडेलांत ब्लूटूथ आहे ते ब्लूटूथवर आणि ऑक्स वायरीवर वाजत राहणार, हे कंपनीने स्पष्ट केले. शिवाय बाहेरच्या जाणकारांना स्पीकरशी बोलणारे प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून तांत्रिक माहितीही खुली केली. दार बंद करताना निदान खिडकी उघडी ठेवली, असे म्हणता येईल.

गूगलची 'क्रोमकास्ट ऑडिओ' ही छोटी चकती २०१५ साली निघाली आणि २०१६ मध्ये भारतातही आली. वायरीच्या कोणत्याही जुन्या स्पीकरला ती लावली की तो वाय-फायचा होत असे. कल्पना उत्तम होती, पण जानेवारी २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मार्च २०२५ मध्ये तिच्यातील एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या चकत्या काही दिवस एकदम गप्प झाल्या. गूगलने नंतर दुरुस्ती पाठवली. त्या काळात ज्यांनी घाईने सगळे पुसून 'रीसेट' केले, त्यांना मात्र जास्त त्रास झाला. यंत्र अचानक बंद पडले तर आधी चौकशी करावी, रीसेट शेवटी.

अॅपलचा पहिला 'होमपॉड' फेब्रुवारी २०१८ मध्ये आला आणि मार्च २०२१ मध्ये बंद झाला. आवाज भारदस्त, पण त्याला वायर जोडण्याचे भोक नाही आणि साध्या फोनवरून ब्लूटूथने गाणेही पाठवता येत नाही. ज्या घरात अॅपलचा फोन नाही, त्या घरात तो कितीही स्वस्त मिळाला तरी शोभेची वस्तू ठरेल.

उलट उदाहरणही आहे. 'स्क्वीझबॉक्स' नावाची वाय-फाय यंत्रे लॉजिटेक कंपनीने २०१२ साली बंद केली. पण त्यांचा प्रोग्राम पहिल्यापासून सर्वांसाठी खुला होता. कोणीही तो आपल्या घरच्या संगणकावर चालवू शकत होते. त्यामुळे कंपनीने स्वतःचा सर्व्हर २०२४ मध्ये बंद केला, तरी हौशी लोकांनी ते काम चालू ठेवले. ज्याची किल्ली लोकांच्या हाती असते ते टिकते, हा याचा अर्थ.

आता कंपन्या असे का करतात? एकदा स्पीकर विकला की त्याचे पैसे एकदाच मिळतात; सर्व्हर चालवण्याचा आणि अपडेट देण्याचा खर्च मात्र दरवर्षी होतो. विक्री थांबली की तो खर्च कंपनीच्या वहीत नुसता तोटा म्हणून दिसू लागतो. व्यापार्‍याच्या बाजूने पाहिले तर हे समजण्यासारखे आहे. तक्रार आहे ती मुदत न सांगण्याची. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असा कायदा लागू झाला की, इंटरनेटला जोडणारी घरगुती वस्तू विकताना तिला किमान किती काळ सुरक्षा अपडेट मिळतील हे कंपनीने जाहीर केले पाहिजे. आपल्याकडे औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. स्पीकरच्या खोक्यावर ती मी तरी अजून पाहिलेली नाही.

आधी आपले घर पाहा

सेलची जाहिरात पाहण्याआधी आपल्या घराची स्थिती पाहावी. आपल्या अनेक घरांत ब्रॉडबँड नाही. वडिलांच्या किंवा मोठ्या मुलाच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून सर्वांचे काम भागते. अशा घरात वाय-फायचा स्पीकर घेतला तर फोनवाला माणूस सकाळी ड्युटीवर गेला की स्पीकर मुका. दिवसभर घरात असणाऱ्या आजीला, बाळंतिणीला, आजारी माणसाला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून ज्या घरात स्वतंत्र राउटर नाही, त्यांनी सरळ ब्लूटूथचा स्पीकर घ्यावा, आणि त्यात मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह लावण्याची सोय असेल तर फारच चांगले.

डेटा किती जाईल याचीही भीती अनेकांना असते. त्याचा हिशेब सोपा आहे. मध्यम दर्जाचे गाणे सेकंदाला १६० किलोबिट या गतीने येते; म्हणजे तासाला ७२ एमबी. उंची दर्जा ३२० किलोबिटचा. तासाला १४४ एमबी. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर मध्यम दर्जावर साधारण वीस तास गाणी ऐकता येतील. डेटा खातो तो व्हिडिओ. गाणे फक्त ऐकायचे असताना व्हिडिओ लावून फोन पालथा ठेवायची सवय अनेक घरांत आहे, ती सोडावी.

विजेचेही बघू. वाय-फायचा स्पीकर हुकमाची वाट पाहत दिवसरात्र जागा असतो. समजा तो गप्प असताना तीन वॅट खात असेल, तर महिन्याला दोन युनिटपेक्षा थोडे जास्त होतात. फार नाही, पण रात्री भिंतीवरचे बटन बंद केले तर तेही वाचतात.

दुकानात काय तपासावे?

लॅमिंग्टन रोडला जा, पुण्याच्या तपकीर गल्लीत जा किंवा फोनवरून मागवा, पुढील गोष्टी कागदावर लिहून घेऊन जाव्यात.

१) पाठ पाहा. ऑक्सचे, म्हणजे ३.५ मिलिमीटर पिनचे भोक आहे का? आणि ते आवाज आत घेण्याचे आहे की बाहेर देण्याचे, हेही विचारा. येथे पुष्कळ जण फसतात. अॅमेझॉनच्या इको डॉटच्या पहिल्या चार पिढ्यांना असे भोक आहे, पण ते दुसऱ्या मोठ्या स्पीकरला आवाज देण्यासाठी. 'इन' आणि 'आउट' ही दोन अक्षरे वाचायला शिका.

२) ब्लूटूथ आहे का, ते स्वतःच्या फोनने जोडून दुकानातच वाजवून पाहा. पूर्ण आवाजावर एक मिनिट आणि अगदी बारीक आवाजावर एक मिनिट. खरखर, फडफड ऐकू आली तर आतला पडदा गेलेला आहे असे समजावे.

३) खोक्यावरचा मॉडेल नंबर पाहून कंपनीचे अॅप फोनमध्ये शोधा. ते शेवटचे कधी अपडेट झाले आणि अलीकडच्या महिन्यांत लोकांनी काय लिहिले आहे, हे वाचा. तारांकित शेरे जुने असतील तर त्यांना किंमत नाही. अॅप सापडतच नसेल तर तो स्पीकर वायरीचा समजूनच भाव करा.

४) खोक्यावर निर्मितीचा किंवा आयातीचा महिना व वर्ष छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तो वाचा. 'नवीन' म्हणून विकला जाणारा माल पाच वर्षे गोदामात पडलेला असू शकतो.

५) बॅटरीवर चालणारा असेल तर जास्त जपा. लिथियमची बॅटरी रिकामी होऊन खोक्यात वर्षानुवर्षे पडली तर न वापरताही मरते. जुन्या मालात भिंतीच्या विजेवर चालणारा स्पीकर अधिक भरवशाचा.

६) अॅडॅप्टर मूळचा आहे का पाहा. त्यावर बीआयएसचा शिक्का आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. वाटेल तो अॅडॅप्टर लावून शंभर रुपये वाचवू नयेत. स्पीकर जळेल, आणि घरालाही धोका.

७) जुने स्पीकर बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. नवा राउटर असेल तर केबलवाल्याकडून ते चालू आहे ना याची खात्री करा, नाहीतर चांगला स्पीकर 'बिघडलेला' वाटेल.

८) सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाच्या खात्यातून तो काढला आहे का, हे समोरच खात्री करून घ्या.

या शेवटच्या मुद्द्याची एक गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीत रविवारी सकाळी मी अर्ज लिहून देण्यासाठी बसतो. घरकाम करणारी एक ताई बोलून चालणारा छोटा स्पीकर घेऊन आल्या. म्हणाल्या, "दादा, मालकिणीनं दिलाय. चालू होतो, पण माझ्या फोनला ओळखच देत नाही." तो स्पीकर अजून मालकिणीच्या खात्यावर होता. त्या खात्यावर तो असेपर्यंत ताईंच्या घरात त्याला काय विचारले गेले, याची नोंदही मालकिणीच्या फोनमध्ये गेली असती. देणाऱ्या बाईंचा हेतू चांगलाच होता, त्यांनाही हे माहीत नव्हते. ताईंनी दुसऱ्या दिवशी सांगितले, त्यांनी खात्यातून तो काढला, आणि पाच मिनिटांत काम झाले. भेट मिळालेली वस्तूसुद्धा कागदोपत्री आपली करून घ्यावी लागते, हा नवा जमाना आहे. अशा बोलक्या स्पीकरला माईक बंद करण्याचे बटनही असते. ते कोठे आहे हे घरातल्या सर्वांना दाखवून ठेवावे.

बिल घ्या, बिल जपा

सवलतीच्या मालाला बिल मागितले की काही दुकानदार कपाळाला आठ्या घालतात. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटीही दाखवतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. तेव्हा त्या पाटीला घाबरू नका. बिलावर मॉडेल नंबर आणि "वाय-फाय व अॅप चालू स्थितीत" एवढे चार शब्द दुकानदाराकडून लिहून घ्या. वाद झालाच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तेथे फी लागत नाही. आपल्या माणसांना हक्क असतात, पण कागद नसतो, म्हणून ते हरतात. स्पीकर साडेचार हजारांचा असो की साडेचारशेचा, कागद ठेवावा.

भाव किती द्यावा?

येथे माझ्या बी.कॉम.चा थोडा उपयोग झाला. छापील किंमत किती होती आणि सूट किती टक्के, हा हिशेब दुकानदाराच्या सोयीचा असतो. आपला हिशेब वेगळा हवा. असे विचारा : अॅप उद्याच बंद पडले, तर या वस्तूला मी किती पैसे देईन? वायरीचा किंवा ब्लूटूथचा साधा स्पीकर म्हणून तिची जी किंमत ठरेल, तेवढीच द्यावी. वाय-फाय जितके दिवस चालेल तितके दिवस ते वर मिळालेले समजावे.

समजा एक स्पीकर तीन हजारांना मिळतो आहे, पण त्याला ना ऑक्स, ना ब्लूटूथ. अॅप दोन वर्षांत गेले तर वर्षाला दीड हजार रुपये गेले आणि हाती डबा राहिला. दुसरा साडेतीन हजारांचा आहे, त्याला दोन्ही आहेत. अॅप दोन वर्षांत गेले तरी तो आणखी पाच वर्षे वाजला, तर वर्षाला पाचशेच पडले. पाचशे रुपये जास्त दिलेला स्पीकर शेवटी तिप्पट स्वस्त पडतो. घरातील मुलांना हा हिशेब करायला सांगा. शाळेच्या गणितापेक्षा तो लवकर समजेल.

हप्त्यावर असा जुना माल मुळीच घेऊ नये. स्पीकर आधी बंद पडेल आणि हप्ते चालू राहतील.

घरात पडलेल्या स्पीकरचे काय?

ज्यांच्या घरी अॅप बंद झालेला स्पीकर आधीच धूळ खात पडला आहे, त्यांनी तो भंगारात देण्याची घाई करू नये. ऑक्सचे भोक असेल तर फोन जोडा. आजकालच्या अनेक फोनना हेडफोनचे भोक नसते. त्यासाठी टाइप-सी पिनचा छोटा जोड मिळतो. घरात स्क्रीन तडकलेला जुना फोन असेल तर त्यालाच कायमचा गाण्याचा फोन करावा. गाणी भरून ठेवली की त्याला सिमकार्डही लागत नाही. ऑक्समध्ये लावायचे ब्लूटूथचे छोटे यंत्रही बाजारात मिळते. एवढे करूनही काही जमले नाही, तर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे तो द्यावा. बॅटरी असलेली वस्तू ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. सफाई कामगाराच्या हातात ती पेट घेऊ शकते, आणि तो कामगार आपल्याच घरचा कोणीतरी असतो.

शेवटी पुन्हा आमच्या घराकडे येतो. वायर मिळाल्यावर आईने एक प्रश्न विचारला, जो माझ्या डोक्यात आला नव्हता. "यात माझ्या कॅसेटी नाही का वाजणार?" तिच्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर फाटला होता, पण कॅसेट फिरत होती आणि हेडफोनचे भोक शाबूत होते. तीच वायर टेपरेकॉर्डरला लावली. पेटीतली एक कॅसेट घातली. आमच्या गावच्या गायन पार्टीने जयंतीच्या रात्री म्हटलेली गाणी, मामांनी कधीतरी भरून ठेवलेली. मधेच कोणाचे तरी मूल रडते, कोणीतरी "माईक पुढे घ्या" म्हणते, आणि ढोलकी सुरू होते. गाणाऱ्यांपैकी तिघे आज हयात नाहीत. ही गाणी कोणत्याही कंपनीच्या यादीत नाहीत, आणि कधी येणारही नाहीत.

मुलाने त्याच आठवड्यात आईच्या अकरा कॅसेटी मेमरी कार्डावर उतरवून घेतल्या. तेव्हापासून आमच्याकडे कोणी सेलची जाहिरात दाखवत आले की आई चष्मा लावते, फोटो मोठा करायला सांगते आणि विचारते, "याच्या पाठीला भोक हाय का ते बघा आधी."